श्रद्धा आणि रोगमुक्ती : ख्रिस्ती जीवनातील एका प्रश्नाचा शास्त्रीय विचार

जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरांवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांच्या मधून वाहते. तेथील धबधब्याला धुवांधार असे नाव आहे. दुरून पाहणाऱ्यास पाण्यातून धुराचे लोट उठत असल्याचा भास होतो. जवळ गेल्यावर अंगावर गार तुषार पडतात व तो धूर नसून उडालेले जलकण आहेत हे कळून येते. ‘पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे’ हे आपल्या न्यायशास्त्रातील अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण होय. परंतु जे दिसते ते खरोखर धूरच आहे काय, याची खात्री आधी करून घ्यावी, असेही तेच शास्त्र सांगते. बाष्पाला धूर समजून अग्नीचे अनुमान करणे हा त्या शास्त्राच्या दृष्टीने दोष आहे.

‘रोग्यासाठी प्रार्थना केली, रोगी बरा झाला, म्हणून प्रार्थनेने रोग गेला’ हे अनुमानही असेच तपासून पाहण्याजोगे आहे. ते कोणत्याही एका धर्माचे नाही. तीर्थस्नान, अंगारा, ताईत, नवस यांच्या मुळाशी तेच असते. ख्रिस्ती जीवनात मात्र या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे; कारण रोग्यांना बरे करणे हा येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा एक मुख्य भाग मानला जातो, आणि या विषयाची शास्त्रीय तपासणीही ख्रिस्ती समाजांतच विशेष झालेली आहे.

१. धर्मग्रंथ आणि परंपरा

शुभवर्तमानांत आंधळे, पांगळे, ज्वरग्रस्त व कुष्ठी बरे झाल्याच्या कथा आहेत. यांपैकी ‘कुष्ठ’ या शब्दाविषयी सावध राहणे अवश्य आहे. मूळ हिब्रू शब्दात त्वचेच्या अनेक विकारांचा समावेश होत असे. आज वैद्यक ज्याला कुष्ठरोग म्हणते त्याच एका रोगाचा तो वाचक नव्हता. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा उपदेश आहे. कॅथॉलिक पंथातील आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार याच आधारावर उभा आहे.

परंतु त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आढळते. आपल्या शरीरातील एक पीडा दूर व्हावी म्हणून पौलाने तीन वेळा प्रार्थना केली, तरी ती दूर झाली नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि त्रफिम या सहकाऱ्याला तो मिलेत येथे आजारी स्थितीतच सोडून पुढे गेला. लूक याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा येतो. कॅथॉलिक बायबलात समाविष्ट असलेल्या सिराखच्या ग्रंथात तर वैद्याचा मान राखावा व औषध तुच्छ मानू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा श्रद्धावंताने औषध घेऊ नये, हा अर्थ त्या परंपरेतून आपोआप निघत नाही.

लोकजीवनात ही श्रद्धा कोणते रूप घेते ते मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत पाहावयास मिळते. दरवर्षी सप्टेंबरात, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरणाऱ्या या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे असे अवयव वाहिले जातात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. वाहणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसे हिंदू, पारशी आदी इतरही असतात.

२. रोग जाण्याची इतर कारणे

प्रार्थनेनंतर रोगी बरा झाला असता त्याची निदान चार अन्य कारणे संभवतात.

पहिले कारण शरीराचे स्वतःचे सामर्थ्य. पडसे, गळू, बरेचसे ताप व अतिसार हे औषध न घेताही जातात. रक्तातील पांढऱ्या पेशी व प्रतिपिंडे आपले काम करीतच असतात. दुसरे कारण रोगाचे चढउतार. संधिवात, दमा, अर्धशिशी यांसारख्या विकारांची तीव्रता कधी वाढते, कधी उतरते. माणूस नवस बोलतो तो बहुधा दुखणे कळसाला पोहोचले असता. आणि कळसानंतर उतार हा अनेकदा ठरलेलाच असतो. तिसरे कारण चुकीचे निदान : जो रोग नव्हताच, तो गेल्यासारखा वाटतो. चौथे कारण म्हणजे त्याच काळात चालू असलेला औषधोपचार, ज्याचा उल्लेख सांगताना गळून जातो.

याखेरीज गणनेतील एक दोष आहे. प्राचीन ग्रीसमधील डायागोरस याची एक गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात अर्पण केलेली चित्रे एका मित्राने त्याला दाखविली. त्यावर, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत, या आशयाचे उत्तर त्याने दिले. मेणाच्या अवयवांनाही हेच लागू पडते. जो बरा झाला तो पुन्हा येऊन सांगतो. ज्याला गुण आला नाही त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

हा दोष टाळण्याचा एक प्रयत्न फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्री झाला आहे. १८५८ साली तेथे बर्नादेत नावाच्या मुलीला मरियेचे दर्शन घडल्याचे मानले जाते. १८८३ पासून तेथे वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे, आणि कोणत्याही धर्माच्या डॉक्टरास त्या तपासणीत भाग घेता येतो. रोग गंभीर व निश्चित निदान झालेला असावा, गुण तत्काळ, पूर्ण व टिकाऊ असावा आणि औषधाने त्याचा उलगडा होऊ नये, अशा कसोट्या तेथे लावल्या जातात. कोट्यवधी यात्रेकरूंपैकी २०१८ पर्यंत केवळ सत्तर प्रसंगांना चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली होती. अंतिम निर्णय धर्माधिकाऱ्यांचा असतो व तो शास्त्राचा निर्णय नव्हे. तथापि श्रद्धेच्या घरातही कडक छाननी होऊ शकते, एवढे यावरून दिसते.

३. प्रार्थनेची मोजणी

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली हा प्रश्न संख्याशास्त्राच्या साहाय्याने हाताळला. इंग्लंडच्या चर्चांतून राजाच्या दीर्घायुष्यासाठी नित्य प्रार्थना होत असे. तेव्हा राजघराण्यातील पुरुष इतर सुखवस्तू लोकांपेक्षा अधिक जगावयास हवे होते. गाल्टनने तुलना केलेल्या वर्गांत त्यांचेच सरासरी आयुर्मान सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ६४ वर्षे भरले. या तुलनेत उणिवा होत्या. राजाचे जीवन व धर्मगुरूचे जीवन अनेक बाबतींत भिन्न असते. परंतु प्रश्न मोजणीच्या कक्षेत आणण्याचा मार्ग तिने दाखविला.

अधिक काटेकोर प्रयोग अमेरिकेत झाला. हर्बर्ट बेन्सन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. सहा रुग्णालयांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना ‘आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही’ एवढेच सांगितले होते. प्रत्यक्षात एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार हे निश्चित सांगण्यात आले व तशी ती करण्यात आली. प्रार्थना करणारे ख्रिस्ती समूह रुग्णांपासून दूर होते.

शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत उपद्रव झालेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के व दुसऱ्यात ५१ टक्के निघाले. म्हणजे फरक पडला नाही. ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के भरले. ‘माझी प्रकृती इतकी बिघडली आहे काय, की माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते’ अशा चिंतेचा हा परिणाम असावा, असा एक तर्क पुढे आला. तो यदृच्छेचा खेळही असू शकेल.

या प्रयोगाने ईश्वर आहे किंवा नाही हे ठरत नाही; तो त्याचा विषयच नव्हता. अनेक धर्मशास्त्री तर ईश्वराला प्रयोगशाळेत उभे करणेच अनुचित मानतात. अज्ञात व्यक्तींनी दुरून केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेचा परिणाम बदललेला या रुग्णांत आढळला नाही, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

४. श्रद्धा कोठपर्यंत पोहोचते

मग श्रद्धेचा आजाऱ्याला काहीच उपयोग नाही काय? तसे म्हणणे हेही घाईचे होईल. औषधाचा अंशही नसलेली गोळी औषध म्हणून दिली असता कित्येकांचे दुखणे कमी होते. वैद्यकात हिला प्लासिबो म्हणतात. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग करण्यात आला. अशा निरौषध उपचाराने ज्यांची वेदना कमी झाली होती, त्यांना नॅलोक्सोन हे द्रव्य दिले असता वेदना पुन्हा वाढली. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांची क्रिया रोखते. यावरून, अपेक्षेमुळे शरीरातच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये क्रियाशील होतात, असे अनुमान करण्यात आले. म्हणजे वेदना कमी झाल्याचे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो.

परंतु या शक्तीला मर्यादा आहेत. वेदना, मळमळ, निद्रानाश, भीती अशा अनुभवरूप तक्रारींवर तिचा प्रभाव पडतो. क्षयाचे जंतू तिने मरत नाहीत, गाठ विरत नाही, तुटलेले हाड जुळत नाही. अर्बुद जागीच असताना वेदना थांबू शकते, आणि यातच मोठा धोका आहे.

श्रद्धेचा दुसरा परिणाम जीवनक्रमातून होतो. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत, कधीही न जाणाऱ्यांच्या तुलनेने, पाहणीच्या काळातील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळले. धूम्रपान कमी, नैराश्य कमी, आणि अडचणीत धावून येणारी माणसे अधिक, ही त्याची काही कारणे दिसली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. पण आजाऱ्याला एकटे न सोडणारी मंडळी हे एक खरे बळ आहे, यात शंका नाही.

५. श्रद्धा जेव्हा हाताला काम देते

श्रद्धा आणि रोगमुक्ती यांचा सर्वांत ठळक संबंध मात्र याहून वेगळ्या ठिकाणी दिसतो. १५४२ साली गोव्यात उतरल्यावर फ्रान्सिस झेवियर याने तेथील रुग्णालयात राहून आजाऱ्यांची शुश्रूषा केली. साडेतीन शतकांनंतर विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली मिशनरी म्हणून भारतात आला. १८९४ मध्ये मिरजेस त्याचे रुग्णालय सुरू झाले. तेथे दूरदूरचे रोगी मोतीबिंदू व इतर शस्त्रक्रियांसाठी येत. मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची व कुष्ठरुग्णांची सोय झाली. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९२८ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली.

मिशनच्या रुग्णालयांतून शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची प्रथा होती. पण प्रार्थना झाली म्हणून हत्यारे उकळण्याचे कोणी टाळले नाही. श्रद्धेने डॉक्टरला मिरजेपर्यंत आणले. तेथे रोग्याच्या डोळ्यातील पडदा दूर झाला तो शस्त्राने व स्वच्छतेने.

पॉल ब्रँड याचे उदाहरण अधिकच बोधप्रद आहे. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत मिशनरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९४६ मध्ये तो वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाला. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ सालीच शोधला होता, तरी रुग्णांची बोटे रोगानेच सडून गळतात, अशी समजूत कायम होती. ब्रँडने रुग्णांचे हात बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच कारण पुढे आले. जंतूमुळे मज्जातंतू निकामी होतात व वेदना कळेनाशी होते; मग तापलेले भांडे, खिळा, घट्ट जोडा यांनी झालेल्या जखमा लक्षात येत नाहीत आणि त्याच हातापायाचा नाश करतात. वेदना नसणे हीच तेथे आपत्ती होती. निरोगी स्नायूंचे कंडरे दुसरीकडे जोडून लुळ्या बोटांना पुन्हा हालचाल देण्याच्या शस्त्रक्रिया त्याने विकसित केल्या. ज्या रुग्णांना स्पर्श करण्यासही लोक धजत नसत, त्यांचे हात आपल्या हातात घेण्यास ब्रँडला श्रद्धेने प्रवृत्त केले. त्या हातांविषयीचे सत्य मात्र निरीक्षणाने सापडले. पुढे जंतूंवरील उपायही मिळाला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

६. व्यवहारातील सावधगिरी

या विवेचनाचे व्यावहारिक तात्पर्य सोपे आहे. प्रार्थना औषधाच्या जोडीने असेल तर तिच्यापासून हानी नाही. ती औषधाच्या जागी आली तर जीव जाऊ शकतो. क्षयाच्या रुग्णाला औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. त्याच सुमारास एखादी प्रार्थनासभा झाली असेल तर गुण तिचाच समजून तो गोळ्या बंद करतो. जंतू मात्र शिल्लक असतात; रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो व घरातील मुलांनाही जडू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला तपासून घ्यावा व डॉक्टरांनी सांगितलेला उपचाराचा काळ पुरा करावा. मधुमेहातील इन्शुलिन, अपस्माराच्या गोळ्या यांनाही हाच नियम लागू आहे.

कायद्यानेही या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ठराविक रोगांवर जादूच्या उपायांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. हे कायदे सर्व धर्मीयांना सारखेच लागू आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ‘तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून तू बरा झाला नाहीस’ असे आजाऱ्याला सांगणे हे शास्त्राला धरून नाही आणि मायेचेही नाही. पौलाची पीडा गेली नाही, ती त्याची श्रद्धा उणी होती म्हणून, असे त्या धर्माचा ग्रंथही म्हणत नाही. रोगाचा बोजा वाहणाऱ्याच्या माथी दोषाचा बोजा देऊ नये. त्याच्या उशाशी बसावे, त्याची इच्छा असल्यास त्याच्यासह प्रार्थना करावी, आणि औषधाची वेळ झाली की त्याच्या हाती गोळी व पाणी द्यावे.