छातीवरच्या रेघा

वारणेच्या खोऱ्यात, कोडोलीसारख्या गावात, भिंतीवर फौजी माणसाचा फोटो असणे नवलाचे नाही. कोल्हापूर-सांगली-सातारा हा भरतीचा जुना पट्टा, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, हाकेच्या अंतरावर. फोटोतल्या डाव्या छातीवर रंगीत फितींची रांग असते. येणारा-जाणारा ती मोजतो आणि जितक्या फिती तितका शूर, असा हिशेब करून मोकळा होतो. हा हिशेब चुकीचा आहे. बहुतेक फिती शौर्याच्या नसतातच. माणूस कुठे आणि किती काळ नोकरीला होता, एवढेच त्या नोंदवतात.

शौर्यपदकांच्या फितीच या मोजदादीला उत्तर देतात. 26 जानेवारी 1950 ला सुरू झालेल्या परमवीरचक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. कांस्याच्या चक्रावर इंद्राची चार वज्रे, आणि फीत साधी जांभळी, एकही रेघ नसलेली. अशोकचक्राच्या हिरव्या फितीवर एक केशरी रेघ, कीर्तिचक्राच्या फितीवर दोन, शौर्यचक्राच्या तीन. म्हणजे रेघा वाढल्या की दर्जा खाली येतो! 1967 पर्यंत या तिन्हींना अशोकचक्र वर्ग एक, दोन, तीन म्हणत. रांगेचाही नियम आहे: सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याजवळ. त्यामुळे समोरून पाहणाऱ्याने ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी, मराठी वाचतो तशी.

मग नऊ वर्षे नोकरी केली म्हणून पदक, 15 ऑगस्ट 1972 ला सेवेत होता म्हणून पदक, हा सन्मानाचा सवंगपणा नाही का? सन्मान म्हणून पाहिले तर आहे. पण पराक्रमाची अधिकृत हकिगत फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांची नोंद घरच्यांना वाचता येते ती याच फितींतून. पश्चिमी स्टार म्हणजे 1971 ची पश्चिम आघाडी, सियाचीनचे पदक म्हणजे तिथली बर्फातली चाकरी. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा दिसला, तर फोटोतला माणूस जखमी झाला होता, हे त्याने घरी कधी सांगितले नसले तरी कळते. मोजण्यापेक्षा असे वाचणे मला अधिक आदराचे वाटते.

अडचण अशी की हे वाचन दिवसेंदिवस अवघड होत आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. शिपायांना ते चांदीचे मिळे, सोबतच्या बिगारी-मजुरांना कांस्याचे. दुजाभाव तिथेही होताच. पण चांदीचे मेडल अडीनडीला सोनाराकडे गेले की आटणीत नावही जाते. मूळ पदक हरवले म्हणून दुकानातून आणलेल्या नकलेवर नाव नसते. विरलेली फीत बदलताना दुसरीच लावली, तर आघाडीच बदलते. मोहिमेचे नाव सांगणारी धातूची पट्टी मेडलसोबत पेटीत राहते आणि गणवेशावर नुसती फीत उरते. आणि जुना फोटो कृष्णधवल. त्यात हिरवा, केशरी, जांभळा सगळे करडेच; ओळखायला राहते ती रेघांची संख्या आणि रुंदी.