विश्लेषण : खान्देशातील केळीला उन्हाळ्याचा शेवटच का महागात पडतो?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा हा जळगाव-धुळ्यातील केळी उत्पादकांसाठी सर्वाधिक धाकधुकीचा काळ. दुपारी कडक ऊन, सायंकाळी अचानक दाटून येणारे ढग आणि अर्ध्या तासात बागा आडव्या करणारा वारा, असे चित्र जवळपास दर वर्षी रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर किंवा शिरपूर तालुक्यातील कुठल्या ना कुठल्या शिवारात दिसते. वर्षभर पाणी, खत आणि मजुरीवर केलेला खर्च हाती येण्याच्या तोंडावर हे घडते. या काळात केळीला नेमका कशाचा फटका बसतो, विम्यातून त्याची भरपाई कितपत होते आणि बचावाचे मार्ग कोणते, याविषयी…

केळी आणि खान्देश हे नाते कसे जमले?

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतची खोल गाळाची जमीन, विहिरी-कूपनलिकांचे पाणी आणि मुंबई-दिल्ली लोहमार्गाची सोय या तीन गोष्टींमुळे जळगाव जिल्ह्यात केळी रुजली. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून उत्तर भारतात केळी पाठवली जाऊ लागली. आज जिल्ह्यात सुमारे ५० हजार हेक्टरच्या आसपास केळी आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातही केळी आणि पपईच्या बागा आहेत. जुन्या बसराई, श्रीमंती या वाणांची जागा बहुतांश ठिकाणी ऊतीसंवर्धित ‘ग्रँड नैन’ म्हणजे ‘जी-९’ने घेतली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये तांदलवाडी (ता. रावेर) येथील शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. निर्यातीची दारे उघडली तशी डाग नसलेल्या, एकसारख्या फळाची मागणी वाढली आणि हवामानाने केलेला लहानसा ओरखडाही भावात दिसू लागला.

उन्हाळ्याचा शेवटच घातक का?

याचे उत्तर लागवडीच्या वेळापत्रकात आहे. खान्देशात केळीचे दोन प्रमुख हंगाम. जून-जुलैत लावली जाते ती मृगबाग आणि साधारण ऑक्टोबरच्या सुमारास लावला जातो तो कांदेबाग. ऊतीसंवर्धित रोपांची केळी अकरा ते तेरा महिन्यांत कापणीस येते. म्हणजे मागील मृगात लावलेल्या बागेत मे-जूनमध्ये भरलेले, वीस-पंचवीस किलोंचे घड लटकत असतात. त्याच वेळी कांदेबाग निसवणीच्या, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर असतो. एक बाग वजनाने वाकलेली आणि दुसरी तिच्या सर्वांत नाजूक अवस्थेत, अशा स्थितीत वर्षातील कमाल तापमान आणि सर्वाधिक झोताचे वारे एकामागोमाग येतात. हेच वारे ऑगस्टमध्ये आले तर मृगबागेतील बरीच कापणी उरकलेली असते.

तापमानाचा नेमका परिणाम काय?

केळी हे उष्ण कटिबंधातील पीक असले, तरी तिला ओलसर उष्णता मानवते, कोरडी नाही. साधारण २५ ते ३० अंश तापमानात ती उत्तम वाढते. तापमान ३८ अंशांच्या पुढे गेले की वाढ मंदावते. पाने मोठी आणि मुळे उथळ असल्याने पानांतून उडून जाणारे पाणी मुळांना तेवढ्या वेगाने पुरवता येत नाही. पानांच्या कडा करपतात, नवी पाने अर्धवट उलगडतात. घडाच्या दांड्यावर थेट ऊन पडले की तो भाजतो, कमकुवत होतो आणि घडाच्या वजनाने मोडतो. उघड्या फण्यांवर काळपट चट्टे पडतात. चव तीच असली, तरी असा माल निर्यातीच्या पेटीत जात नाही.

जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवीन नाही. त्याच दिवसांत विहिरींची पातळी तळाला गेलेली असते आणि वीजपुरवठ्याच्या वेळा पाण्याच्या पाळीशी जुळत नाहीत. ठिबक संच असूनही दुपारी पंप बंद असेल, तर काही तासांत बाग माना टाकते. रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा उपसा प्रचंड आहे. म्हणूनच पावसाळ्यात तापीचे वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरवण्याच्या ‘तापी खोरे मेगा रिचार्ज’ प्रकल्पाकडे येथील शेतकरी डोळे लावून आहेत. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये सामंजस्य करार झाला.

वारा इतका नुकसान का करतो?

केळीला खोड म्हणतात, पण ते लाकूड नसते. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून तयार झालेला तो पाणीदार खांब आहे. खरे खोड जमिनीत, कंदाच्या रूपात असते. वर मोठ्या पानांचे शीड, एका बाजूला घडाचा भार आणि खाली उथळ मुळे, अशी ही रचना जोराच्या झोताला टिकत नाही. खांब मधून मोडतो किंवा कंदासह उपटला जातो.

उन्हाळ्याच्या शेवटी जमीन तापलेली असते आणि समुद्राकडून बाष्प येऊ लागते. दुपारनंतर उंच वाढणारे ढग तयार होतात. त्यांतून पाऊस कोसळताना थंड, जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. हाच तो वळवाचा वारा. त्याचा पट्टा अनेकदा अरुंद असतो. त्यामुळे एका गावाची केळी झोपते आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या गावात पानही फाटत नाही. मोडलेल्या झाडावरचा कोवळा घड पिकवता येत नाही आणि विकताही येत नाही. तो गुरांपुढे टाकावा लागतो. शिवाय मोडलेली खोडे बाहेर काढून शेत मोकळे करण्याचा खर्च वेगळाच.

ढगाळ हवेचा धोका कोणता?

ऊन ओसरल्यावर संकट संपत नाही, रूप बदलते. कोरड्या उष्णतेनंतर सलग ढगाळ, दमट हवा आणि रिमझिम सुरू झाली की दोन रोग डोके वर काढतात. पहिला करपा. हा बुरशीजन्य असून पानांवर ठिपके वाढत जाऊन पान वाळते. दुसरा ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ म्हणजे सीएमव्ही. खान्देशात त्याला हरण्या रोग म्हणतात. पानांवर पिवळसर पट्टे दिसतात आणि पुढे पोंगा सडतो. मावा किडीमार्फत तो पसरतो आणि त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणे एवढाच उपाय उरतो. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात त्याचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि अनेकांनी नव्या बागा उपटल्या.

येथे लागवडीची तारीख कळीची ठरते. रोप लहान असताना, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, हा रोग लवकर लागतो. जुलैत लावलेले रोप ऐन ढगाळ ऑगस्टमध्ये कोवळे असते. ते टाळण्यासाठी लागवड मे अखेरीस ओढली, तर रोप उन्हात होरपळते. मृग लागला तरी पाऊस लांबला, तर दोन्हीकडून कोंडी होते. एकच ठरलेली तारीख पाळण्याऐवजी लागवड दोन-तीन टप्प्यांत विभागणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे.

थंडीत केळी सुटते का?

नाही. खान्देशात उन्हाळा जितका कडक, तितकीच थंडीही बोचरी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत घसरलेल्या किमान तापमानाच्या नोंदी होतात. तापमान दहा-बारा अंशांखाली गेले की केळीची वाढ थांबते. निसवणारा घड पोंग्यातच अडकतो. सालीच्या आतील भागाला इजा होते आणि पिकल्यावर फळ राखाडी, निस्तेज दिसते. थंडीमुळे रखडलेली बाग उशिरा कापणीस येते आणि मग भरलेल्या घडांसह वळवाच्या वाऱ्यात सापडते. जानेवारीतील थंडीचा हिशेब असा जूनमध्ये चुकवावा लागतो.

विम्याचे संरक्षण किती?

केळीला पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना लागू आहे. सर्वसाधारणपणे विमा संरक्षित रकमेच्या पाच टक्के हप्ता शेतकरी भरतो. विमा हप्त्याचा एकूण दर ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेल्यास त्याचा वाटा वाढतो. भरपाई प्रत्यक्ष उत्पादनावर नव्हे, तर महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. अलीकडच्या निकषांनुसार हिवाळ्यात किमान तापमान सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याखाली राहिले, की भरपाई लागू होते. उन्हाळ्यातही ठरावीक तापमान सलग ठरावीक दिवस टिकावे लागते. वाऱ्यासाठी ताशी ४० किलोमीटर वेगाची अट आहे. वारा किंवा गारपिटीने नुकसान झाल्यास शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत कळवणे बंधनकारक असते.

अडचण ‘सलग’ या शब्दात आहे. चार दिवस तापलेला पारा पाचव्या दिवशी ढग आल्याने अंशभर उतरला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. पण भाजलेला दांडा काही पूर्ववत होत नाही. हवामान जितके लहरी, तितकी ही साखळी तुटण्याची शक्यता अधिक. दुसरी अडचण अंतराची. अरुंद पट्ट्यातील वारा काही किलोमीटरवरच्या केंद्राला जाणवलाच नाही, तर नोंद होत नाही. निकषांवरून जळगावात वेळोवेळी नाराजी उमटली आहे. २०२० मध्ये बदललेले निकष शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२१ मध्ये पूर्ववत करावे लागले. निकष आणि मुदती बदलत असल्याने त्या वर्षीचा शासन निर्णय पाहूनच अर्ज भरणे हिताचे. नुकसानीची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवणे आणि ७२ तासांची मुदत पाळणे या दोन गोष्टी मात्र दर वर्षी लागू आहेत.

बचावाचे मार्ग कोणते?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वारारोधक कुंपण. बागेच्या पश्चिम व दक्षिण बाजूंना शेवरी, गजराज गवत किंवा बांबूच्या दाट ओळी असल्या, तर उष्ण झळा आणि झोत दोन्हींचा जोर कमी होतो. मात्र हे कुंपण लागवडीबरोबर किंवा त्याआधी लावावे लागते. मे महिन्यात आठवण होऊन उपयोग नसतो. निसवलेल्या झाडांना बांबूचा टेकू किंवा प्लास्टिक पट्टीने एकमेकांशी बांधणे, घडावर पिशवी चढवणे, दांडा वाळक्या पानाने झाकणे, खोडाभोवती पाचटाचे आच्छादन आणि पाण्याच्या लहान पण वारंवार पाळ्या या गोष्टी अनेक बागायतदार करतात. थंडीत रात्री पाणी देण्याची पद्धतही जुनी आहे. बागेत किंवा बांधावर काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो न घेणे आणि तण काढणे हा हरण्या रोगावरचा मुख्य प्रतिबंध, कारण हाच विषाणू या पिकांवरही जगतो. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि तालुका कृषी कार्यालयांकडून याबाबत मार्गदर्शन मिळते.

परसातल्या फळझाडांचे काय?

घरामागे दोन केळी, एखादी पपई आणि लिंबाचे झाड असणाऱ्यांनाही हीच गणिते लागू आहेत. भिंतीलगतच्या झाडाला वाऱ्यापासून आडोसा मिळतो, पण पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहते. अशा झाडाला दुपारनंतर जुन्या साडीची किंवा शेडनेटची सावली पुरते. पाणी सकाळी लवकर, थोडे थोडे आणि नियमित द्यावे. बरेच दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास लिंबाची लहान फळे गळतात आणि डाळिंब तडकते. पहिल्या पावसाचे पाणी पपईच्या बुंध्याशी दिवसभर साचले, तर झाड कुजून जाते. म्हणून आळ्याला मातीची भर आणि निचऱ्याची वाट रोहिणी नक्षत्रातच करून ठेवावी. घड धरलेल्या केळीला दोन बांबूंची कैची पुरेशी असते. नवे रोप लावायचे असल्यास पहिला चांगला पाऊस होऊन जमीन निवेपर्यंत थांबावे.

पुढे काय?

तापमान, वारा आणि ढग यांपैकी एकेकाशी कसे वागायचे, हे खान्देशातील केळी उत्पादकाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. अडचण होते ती हे सारे एकाच पंधरवड्यात उलटसुलट क्रमाने आल्यावर. विम्याचे निकष अजून एकेका घटकाची सलग नोंद मोजतात, झाड मात्र त्यांच्यातील चढउतार सोसते. हवामान केंद्रांचे जाळे गावपातळीपर्यंत दाट होणे आणि निकषांत या चढउतारांना जागा मिळणे, ही उत्पादकांची पुढची गरज आहे. ते होईपर्यंत यंदाच्या मृगबागेचे पुढच्या मे महिन्यातील भवितव्य बरेचसे आत्ताच ठरेल. लागवड कोणत्या टप्प्यांत केली आणि बांधावर शेवरी आधी लावली की नाही, यावर ते अवलंबून राहील.