संत्र्याचं तिरामिसू : भट्टीविना, अंड्याविना



मी मुलुंडला राहते. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, दाक्षिणात्य अशी सगळी बिऱ्हाडं आहेत. दरवर्षी एकतीस डिसेंबरला गच्चीवर सगळे जमतात आणि प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. एका वर्षी माझ्या मुलीनं हौसेनं तिरामिसू केलं. बशा भरल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बेननी हळूच विचारलं, "यात अंडं आहे का?" होतं, तेही कच्चं. त्यांनी बशी खाली ठेवली. पाठोपाठ आणखी दहा-बारा बशा खाली गेल्या. कोणी काही बोललं नाही, पण मुलीचा चेहरा उतरला. घरी आल्यावर म्हणाली, "आई, सगळ्यांना एकाच भांड्यातून खाता येईल असं नाही का करता येणार?" आज सांगते आहे ते त्याचं उत्तर.

आधी मूळ पदार्थाविषयी. तिरामिसू हा इटलीचा. 'तिरा', 'मि', 'सू' अशा तीन शब्दांचं हे नाव; अर्थ, मला वर खेच, म्हणजेच मरगळ घालव. हा काही फार जुना पदार्थ नव्हे. व्हेनेतो प्रांतातल्या त्रेव्हिझो गावी 'ले बेक्केरिए' नावाच्या उपाहारगृहात १९७०च्या सुमारास तो तयार झाला असं मानतात. शेजारचा फ्रिउली प्रांत मात्र तो आपलाच म्हणतो. २०१७ मध्ये इटलीच्या कृषी खात्यानं पारंपरिक पदार्थांच्या यादीत तो फ्रिउलीच्या नावावर घातला, तेव्हा व्हेनेतोत मोठी नाराजी झाली. पुरणपोळी कोणाची यावरून आपण भांडावं तसंच हे!

त्याची रचना साधी. कॉफीत बुडवलेली बिस्किटं, त्यावर मास्कारपोने नावाचं मऊ चीज आणि साखरेबरोबर फेटलेलं अंड्याचं पिवळं, पुन्हा बिस्किटं, पुन्हा तो थर, आणि वर कोको. भट्टी लागत नाही. पण त्यामुळेच अंडं कच्चं राहतं, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. म्हणजे अंडं काढायला शेजाऱ्यांखेरीज आणखीही एक कारण आहे.

आता मास्कारपोने. साय तापवून तिच्यात लिंबाचा रस किंवा तसलंच आम्ल घालायचं, आणि घट्ट झाल्यावर फडक्यात निथळत ठेवायचं. ऐकताना काही आठवलं? आपला चक्का! चक्का विरजणानं होतो आणि त्यात स्निग्धांश कमी असतो, एवढा फरक. तो थोड्या सायीनं भरून निघतो.

कॉफीऐवजी मी संत्रं घेतलं, कारण डिसेंबरात बाजारात नागपूरची आंबिया बहाराची संत्री असतात. याच संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण पहिल्या खेपेला मी क्रीममध्ये रस ओतला आणि सगळं फाटलं. का? दुधातलं केसीन नावाचं प्रथिन एरवी दुधात पसरलेलं असतं. आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की ते एकमेकांना चिकटतं आणि पाणी सुटतं. चक्क्याचं तसं होत नाही. त्यातलं केसीन आधीच जमलेलं असतं आणि पाणी फडक्यातून गेलेलं असतं. तेव्हा नियम असा : रस बिस्किटांना, साल चक्क्याला.

खरा वास सालीतच असतो. नारिंगी भागात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून फळ न सोलता, अख्खंच धरून बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवावं. पांढरा भाग आला की कडू झालंच म्हणून समजा. रस काढताना बिया चिरडू नयेत आणि रस तासन्‌तास ठेवू नये. त्यानंही कडवटपणा येतो.

आठ-दहा जणांसाठी प्रमाण असं. अर्धा किलो चक्का. घरी करायचा तर म्हशीच्या दीड लिटर दुधाचं दही रात्रभर टांगावं. २०० मिलिलिटर गार क्रीम, १२० ग्रॅम पिठीसाखर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, दीडशे ते दोनशे मिलिलिटर रस, एक चमचा लिंबाचा रस, आणि ग्लुकोजची तीसेक बिस्किटं. इटलीतल्या बिस्किटांत अंडं असतं. आपल्या साध्या ग्लुकोज बिस्किटांत नसतं. अंधेरीच्या शेजारी, विलेपार्ल्यात १९२९ मध्ये सुरू झालेला पार्लेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पण गाडी पार्ल्याला आली की डब्यात शिरणारा तो भाजका वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे.

साखरेत सालीचा कीस बोटांनी चोळावा; तेल साखरेत उतरतं. ती साखर चक्क्यात घालून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावी. शेवटी क्रीम हलकेच मिसळावं, घोटू नये. रसात लिंबू घालावं. बिस्किट रसात बुडवून लगेच काढावं. मनात 'एक' म्हणेपर्यंतच, नाहीतर ते हातात विरघळतं. काचेच्या चौकोनी भांड्यात बिस्किटांचा थर, चक्क्याचा थर, असं दोनदा करावं. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात मुळीच करू नये, आंबटानं कळकेल.

मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. ही वाट पाहणं टाळू नका. या वेळात बिस्किट ओल शोषून केकसारखं मऊ होतं आणि चक्का घट्ट बसतो. वाढताना वर कोको भुरभुरावा. आपल्या हवेत हे भांडं तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. अर्धं वाढावं, अर्धं परत आत.

पुढच्या एकतीस डिसेंबरला मुलीनं भांडं गच्चीवर नेलं आणि पहिली बशी बेनना दिली. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं, "अंडं नाही, जिलेटीन नाही." त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर संत्र्याचा मठो!" मठो म्हणजे गुजराती घरातलं श्रीखंडासारखं पक्वान्न. इटलीच्या पदार्थाचं मुलुंडच्या गच्चीवर असं बारसं झालं. मुलीनं ते हसत मान्य केलं, कारण तोवर भांडं रिकामं झालं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)