लघुउद्योगांचे पंचेचाळीस दिवस आणि संसदेची देखरेख

अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चा आटोपली की संसदेला काही आठवड्यांची सुट्टी मिळते. सभागृहे ओस पडतात आणि संसदेचे काम थांबले, असा सर्वसामान्यांचा समज होतो. वस्तुतः याच दिवसांत समिती-कक्षांमध्ये वर्षातील सर्वांत चिकित्सक काम चाललेले असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे सचिव आणि सहसचिव फायलींच्या गठ्ठ्यांसह उद्योगविषयक स्थायी समितीपुढे बसतात. अर्थसंकल्पीय अंदाज किती होता, सुधारित अंदाजात तो का घटला आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, या तीन रकान्यांमधील अंतराचा जाब त्यांना द्यावा लागतो. मंत्री तेथे नसतात, पत्रकारांना प्रवेश नसतो आणि कामकाजाचे प्रक्षेपण होत नाही. म्हणूनच तेथे पक्षाची भाषा थोडी मागे पडते आणि प्रश्न विचारले जातात.

या बंद दाराआडच्या बैठकीला महत्त्व आहे, कारण सभागृहात या खात्याच्या वाट्याला फारसा वेळ येत नाही. अनुदानाच्या मोजक्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा होते. उरलेल्या साऱ्या शेवटच्या दिवशी ‘गिलोटिन’खाली एकत्रित मंजूर होतात. संरक्षण, रेल्वे, कृषी यांच्यापुढे लघुउद्योगांना अग्रक्रम मिळणे विरळाच. अशा वेळी या खात्याच्या पैशांवर कोणा लोकप्रतिनिधीची बारीक नजर पडत असेल, तर ती समितीतच.

१९९३ सालची दोन अपत्ये

खातेनिहाय स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. आरंभी १७ समित्या होत्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. उद्योगविषयक समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीतील आठ समित्यांपैकी एक आहे. अनुदानाच्या मागण्या, तिच्याकडे सोपवलेली विधेयके आणि तिने स्वतः निवडलेले विषय यांची ती तपासणी करते. मात्र दैनंदिन प्रशासनात तिने लक्ष घालू नये, असा नियम आहे आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

योगायोग असा की, लघुउद्योगांची थकलेली बिले व्याजासह मिळावीत यासाठीचा पहिला केंद्रीय कायदाही १९९३ मध्येच झाला. त्यानंतर सर्वंकष कायद्याचे विधेयक २००५ मध्ये लोकसभेत आले, तेव्हा त्याच्या नावात केवळ ‘लघु व मध्यम’ उद्योग होते. ते स्थायी समितीकडे गेले. २ ऑक्टोबर २००६ पासून कायदा अमलात आला, तेव्हा ‘सूक्ष्म’ हा शब्द शीर्षकात सर्वांत पुढे होता. हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील सुमारे ६.३४ कोटी अशा उद्योगांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग सूक्ष्मच आहेत. ज्याचे नावच कायद्यात नाही, त्याच्याविषयी समितीने सचिवाला प्रश्न तरी कसा विचारावा?

महासाथीच्या काळातील एक अहवाल

समितीचे अहवाल बहुधा संयत भाषेत लिहिलेले असतात. परंतु संयत म्हणजे मिळमिळीत नव्हे. जुलै २०२१ मध्ये के. केशव राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कोरोना महासाथीचा लघुउद्योगांवरील परिणाम या विषयावर ३०३ वा अहवाल सादर केला. मे २०२० मध्ये सरकारने जाहीर केलेल्या योजनांचा गाभा कर्जाचा होता. तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना हे त्याचे ठळक उदाहरण. समितीने या उपायांना अपुरे ठरवले. भर कर्जावर आणि दीर्घकालीन उपायांवर राहिला, तळाच्या उद्योगांच्या हातात तातडीने रोकड पोहोचून मागणी वाढण्याची गरज होती, असा तिचा निष्कर्ष होता. झालेल्या हानीचे मोजमाप करणारा अभ्यास व्हावा, हीही तिची शिफारस होती.

सर्वपक्षीय समितीने सरकारच्या मुख्य उपायाविषयी असे मत लेखी नोंदवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पतहमी योजनेची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली. म्हणजे कर्जाचीच वाट रुंद झाली. समितीने बोट ठेवले होते ते वेगळ्या जागी. ज्याचे बिल थकले आहे, त्याला नव्या कर्जाआधी स्वतःचेच पैसे हवे असतात.

प्रश्न एक, खाती अनेक

या बिलांबाबत २००६ चा कायदा कागदावर कठोर आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराला कमाल ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. वाद सुलभता परिषदेकडे गेल्यास ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमही यातून सुटलेले नाहीत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘समाधान’ संकेतस्थळावर तक्रारी येतात, त्यांत खासगी कंपन्यांबरोबर केंद्र व राज्यांची खातीही देणेकरी म्हणून दिसतात.

मग अडते कोठे? सुलभता परिषदा स्थापन करण्याचे काम राज्य सरकारांचे आहे. परिषदेच्या बैठका होत नसतील, तर दिल्लीतील सचिव समितीला एवढेच सांगू शकतात की, राज्यांना पत्रे पाठवली आहेत. बँकांचे कर्ज वित्त मंत्रालयाच्या कक्षेत येते. त्याची तपासणी वित्तविषयक समिती करते. तिनेच एप्रिल २०२२ मध्ये लघुउद्योगांच्या पतपुरवठ्यावर स्वतंत्र अहवाल दिला. कंपन्यांनी थकीत देण्यांची सहामाही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाला द्यायची असते. रेल्वेने बिल थकवले, तर तो विषय रेल्वेविषयक समितीचा. समित्यांची आखणी खात्यांनुसार झाली आहे. कारखानदाराची अडचण मात्र खात्यांच्या भिंती पाहून येत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०२३ मध्ये मिळाला. थकबाकीवर आजवरचा सर्वांत परिणामकारक दबाव लघुउद्योग मंत्रालयाकडून आला नाही. तो त्या वर्षीच्या वित्त कायद्यातून आला. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी मुदतीत न चुकवणाऱ्या ग्राहकाला त्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. करसल्लागारांच्या कचेऱ्यांत एकाएकी पुरवठादारांच्या याद्या तपासल्या जाऊ लागल्या. काही व्यापारी संघटनांनी तिला विरोधही केला. जे काम व्याजाच्या धाकाने झाले नाही, त्याला कराच्या धाकाने गती आली.

व्याख्या बदलते, समितीला नंतर कळते

देखरेखीची आणखी एक मर्यादा आहे. लघुउद्योगाची व्याख्या केवळ उलाढालीवर ठरवू पाहणारे २०१८ चे दुरुस्ती विधेयक समितीपुढे आले होते. त्याचा कायदा झाला नाही. २०२० मध्ये सरकारने अधिसूचना काढून गुंतवणूक आणि उलाढाल असा दुहेरी निकष लागू केला. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा पुन्हा वाढल्या. आता ५०० कोटी रुपयांपर्यंत उलाढालीचा उद्योगही ‘मध्यम’ म्हणून याच कुटुंबात मोडतो. अधिसूचना कायदेशीरच आहे. परंतु ती निघण्याआधी समितीपुढे येत नाही. विधेयकांचेही चित्र फारसे आशादायक नाही. पीआरएस या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२४ या काळात नितीन गडकरी आणि त्यांच्यानंतर नारायण राणे असे दोन मराठी मंत्री या खात्याचे प्रमुख होते. त्याहून जवळचा संबंध आहे तो महाराष्ट्राबाहेर पोट भरणाऱ्यांचा. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर-आटपाडी भागातून निघालेले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचे काम करीत देशभरातील सराफ बाजारांत पोहोचले आहेत. दोन-चार माणसांची भट्टी म्हणजे व्याख्येने सूक्ष्म उद्योगच. पण थकबाकीविरुद्धचे संरक्षण नोंदणीशी जोडलेले आहे. नोंदणी नसलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी २०२३ मध्ये ‘उद्यम असिस्ट’ मंच सुरू झाला. परंतु नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांना त्यामुळे खरोखर काही मिळाले, हे विचारण्याचे ठिकाण पुन्हा समितीच आहे.

पाठपुरावा हेच शस्त्र

अहवाल सादर झाल्यावर समितीचे काम संपत नाही. खरे तर तेथून ते सुरू होते. मंत्रालयाला तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरांवरील कृती अहवालात समिती शिफारशींची वर्गवारी करते: सरकारने स्वीकारलेल्या, सरकारच्या उत्तरानंतर समितीने सोडून दिलेल्या, उत्तर अमान्य झालेल्या आणि अंतिम उत्तराची प्रतीक्षा असलेल्या. शिवाय २००४ पासून मंत्र्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीबाबत सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करण्याची पद्धत आहे. हे निवेदन बहुधा पटलावर ठेवले जाते आणि त्यावर क्वचितच कोणी बोलते.

समिती दरवर्षी नव्याने गठित होते. नव्या सदस्याला विषय कळेपर्यंत वर्ष सरते. अधिकारी मात्र मागच्या वर्षीचे उत्तर किरकोळ फेरफार करून पुढे ठेवू शकतात. म्हणून जुने अहवाल वाचून येणारा एक सदस्य दहा भाषणांहून भारी ठरतो, हे मंत्रालयातील अधिकारीही जाणतात. ‘बाब विचाराधीन आहे’ या वाक्यावर समाधान मानायचे की ते उत्तर अमान्य ठरवून पुन्हा मागवायचे, एवढाच निर्णय समितीच्या हाती असतो. माल पोहोचवून सेहेचाळीसाव्या दिवशीही बँकेतील खाते तपासणाऱ्या कारखानदारासाठी तो लहान निर्णय नाही.