२९ फेब्रुवारी चाचणीतून निसटतो कसा?

दिलेल्या तारखेत एक वर्ष मिळवायचे, एवढेच काम करणारा छोटासा प्रोग्रॅम विम्यापासून मुदत ठेवीपर्यंत अनेक ठिकाणी लागतो. तो तपासताना चार-पाच तारखा देऊन पाहिल्या जातात. अडचण अशी, की प्रोग्रॅम लिहिताना जी तारीख ध्यानात आली नाही, ती चाचणी लिहितानाही बहुधा येत नाही.

स्वीडनमधील चामर्स विद्यापीठाचे कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली ‘क्विकचेक’ मांडले, ते याच अडचणीवर. उदाहरणे माणसाने द्यायची नाहीत. केवळ नियम सांगायचा. नवी तारीख जुनीच्या ३६५ किंवा ३६६ दिवस पुढची असावी, हा आपला नियम. उदाहरणे यंत्र स्वतःच निवडते. या पद्धतीस ‘प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंग’ म्हणतात. पायथॉन भाषेत हेच काम ‘हायपोथिसिस’ करते.

मात्र ‘चाचणी उत्तीर्ण’ या शेऱ्याचे मोल सेटिंग्जवर ठरते. हायपोथिसिस मुळात प्रत्येक नियमासाठी १०० उदाहरणे तपासते. पायथॉनमध्ये तारखेतील वर्षाचा आकडा नुसता एकाने वाढवला, तर २९ फेब्रुवारीला प्रोग्रॅम अडखळतो, कारण पुढच्या वर्षी ती तारीखच नसते. चार वर्षांच्या १४६१ दिवसांत असा दिवस एकच. सर्व तारखा सारख्याच शक्यतेने निवडल्या गेल्या असे धरले, तर १०० उदाहरणांत तो सापडण्याची शक्यता सात टक्क्यांहूनही कमी! हायपोथिसिसची निवड इतकी सरळ नसते, म्हणून हा हिशेब अंदाजापुरताच. पण संख्या १००० केली तरी तो जेमतेम निम्म्यावर पोहोचतो आणि वेळ दसपट लागतो. त्यापेक्षा ठाऊक असलेली आडवळणाची तारीख ‘एक्झाम्पल’ म्हणून नोंदवून ठेवावी. मग ती प्रत्येक वेळी तपासली जातेच. उदाहरणांची संख्या वाढवायचीच, तर सर्व्हरसाठी वेगळे ‘प्रोफाइल’ करावे. रोजच्या कामात खोळंबा होत नाही.

एका उदाहरणास २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला, तरी चाचणी नापास होते. ही मर्यादा त्रासून सरसकट काढून टाकण्याची प्रथा आहे. जिथे काम खरोखरच संथ आहे, तिथेच ती सैल करावी.

सापडलेले चुकीचे उदाहरण हायपोथिसिस शक्य तितके सोपे करून दाखवते आणि एका फोल्डरमध्ये जपून ठेवते. पुढच्या खेपेस तपासणी तिथूनच सुरू होते. परंतु दर वेळी कोऱ्या पाटीने सुरू होणाऱ्या सर्व्हरवर हा फोल्डर मुद्दाम जपला नाही, तर ती आठवण पुसली जाते.

‘डीरँडमाइझ’ या सेटिंगचे आकर्षण पुष्कळांना असते. ते लावले की दर वेळी तीच उदाहरणे येतात. आज उत्तीर्ण झालेली चाचणी उद्या विनाकारण नापास होत नाही. सर्व्हरवर ही स्थिरता सोयीची खरी, पण सगळीकडेच ते लावले, तर पहिल्या दिवशी निसटलेला २९ फेब्रुवारी चाचणी, हायपोथिसिस किंवा पायथॉन बदलेपर्यंत रोजच निसटत राहतो.