आज्ञापालन आपले, परिणाम अल्लाहच्या हाती

कोल्हापूरहून महामार्गाने कर्नाटकाकडे निघाले की सीमेच्या अलीकडे कागल लागते. राजर्षी शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्या घराण्याचे हे गाव. गैबी पिराच्या उरुसाला इथे हिंदू-मुस्लिम दोघेही येतात. याच गावाचे नाव आज पंचतारांकित एमआयडीसीमुळे दूरवर पोहोचले आहे. इंजिने, कापड, ओतकाम अशा अनेक कारखान्यांतून पाळ्या चालतात आणि त्या पाळ्यांवर शेकडो घरांच्या चुली पेटतात. त्यांत आपलीही घरे आहेत.

या घरांना एक भीती ठाऊक असते. कंत्राट संपते, 'ब्रेक' मिळतो किंवा ऑर्डर कमी झाल्या म्हणून 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले जाते. अशा संध्याकाळी घरातले वडीलधारे म्हणतात, "अल्लाहवर भरवसा ठेव, बेटा." वाक्य खरे आहे. पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे आपण मुलांना क्वचितच समजावून सांगतो.

साचा बंद झाल्यावर

याचे उत्तर समजून घ्यायला फाउंड्रीतले काम उपयोगी पडते. कामगार पॅटर्नवर वाळू दाबून साचा तयार करतो, कोअर बसवतो, वायू बाहेर पडायला छिद्रे ठेवतो आणि वरची-खालची पेटी नीट जुळवून बंद करतो. मग साधारण चौदाशे अंश तापलेला लोखंडाचा रस आत ओतला जातो. त्यानंतर आत काय घडते आहे, हे कोणालाच दिसत नाही. घाई करून साचा लवकर फोडला तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो. थांबावेच लागते.

पण हे थांबणे आळशाचे नसते. वाळूत ओल जास्त राहिली किंवा छिद्रे बुजली तर कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. तेव्हा 'नशिबात होते' असे म्हणून चालत नाही. उलट, सगळे नियमाप्रमाणे करूनही एखादा नग बाद होतोच. म्हणजे सांगितल्याप्रमाणे काम चोख करणे आपल्याकडे आहे, निकाल मात्र पूर्णपणे आपल्या मुठीत नाही. तवक्कुलचा अर्थ याच्या फार जवळचा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका माणसाने विचारले, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून? प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला शिकवले. दिव्य कुरआनच्या आलि इमरान या सूरहमध्येही (आयत 159) क्रम असाच आहे. आधी सल्लामसलत, मग निश्चय आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा. सल्ला आणि निश्चय गाळून थेट भरवशावर येणे हा आपण शोधलेला सोपा मार्ग आहे.

हजरत हाजरा (अ.) यांची धाव

आज्ञापालन आणि भरवसा एकाच वेळी पाहायचा असेल तर हजरत हाजरा (अ.) यांच्याकडे पाहावे. हजरत इब्राहीम (अ.) त्यांना आणि तान्ह्या इस्माईल (अ.) यांना मक्केच्या ओसाड खोऱ्यात सोडून निघाले. त्यांनी एकच विचारले, ही अल्लाहची आज्ञा आहे का? होकार मिळताच त्या निश्चिंत झाल्या. अल्लाह आपल्याला वाया जाऊ देणार नाही, एवढे त्यांना पुरेसे होते.

पण पाणी संपले, बाळ तहानेने तळमळू लागले, तेव्हा त्या बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्यांनी सात फेऱ्या मारल्या. झमझम मात्र त्या जिथे धावत होत्या तिथे नव्हे, तर बाळापाशी उफाळले. धावणे त्यांचे होते, पाणी अल्लाहने दिले. आजही प्रत्येक हाजी ती धाव घेतो. एका आईच्या प्रयत्नाला अल्लाहने इबादतीचा दर्जा दिला.

दारे बंद होती तेव्हा

आपल्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण 2020 चे आहे. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, यंत्रे थांबली, परप्रांतीय कामगार गावाकडे निघाले. रमजान आला तेव्हा मशिदींची दारे बंद होती. तरावीह घरात झाली, ईदची नमाजही घरातच. मन दुखावले होते, तरी लोकांनी जीव वाचवण्याचा नियम पाळला. साथ असलेल्या भागात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

त्याच काळात कागलपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत मुस्लिम समाजाने जकात आणि दानाचे 36 लाख रुपये जमवून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. त्याचे उद्घाटन तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. यंत्रमागांचे हे शहर तेव्हा स्वतःच अडचणीत होते. तरी जकातीची आज्ञा टळली नाही, आणि तिचा लाभ कोणत्याही धर्माच्या रुग्णाला मिळणार होता. भरवसा कृतीत उतरतो तो असा.

नम्रता कोणापुढे?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अल्लाहपुढे नम्र होणे म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी शिकवण असलेला हा दीन आहे. पगार थकला, पीएफ भरला गेला नाही, तर शांतपणे, कायद्याने हक्क मागणे हेही आज्ञापालनच आहे. भट्टीसमोर चष्मा आणि हातमोजे घालणे म्हणजे उंट बांधणेच. 'अल्लाह राखणारा आहे' म्हणत ते काढून ठेवणे हा तवक्कुल नाही.

आणि आज्ञापालनाची खरी परीक्षा तंगीतच होते. काम सुटले की मायक्रोफायनान्सचे व्याजी कर्ज दारात येऊन उभे राहते, कोणी लाच देऊन नोकरी मिळवून देतो म्हणते. तेव्हा 'नको' म्हणणे महाग पडते. म्हणूनच हा 'नको' एकट्या माणसावर सोडू नये. नातेवाईक, शेजारी, मोहल्ल्याची बैतुलमाल यांनी बिनव्याजी हात पुढे करावा. ज्याला आपण सब्र करायला सांगतो, त्याच्या घरचा किराणा भरला आहे का, हे विचारणे आपल्यावर बंधनकारक आहे.

घरातही हेच शिकवता येईल. काम गेले असेल तर मुलांपासून लपवू नये. एकत्र बसून खर्चाचा विचार करावा, कोणाकडे अर्ज करायचा ते ठरवावे, दोन रकअत नमाज पढून दुआ मागावी आणि सकाळी अब्बांनी पुन्हा डबा घेऊन कामाच्या शोधात बाहेर पडावे. मुले भाषणापेक्षा हे पाहून तवक्कुल शिकतील.

अल्लाह आपल्याला त्याच्या आज्ञेपुढे नम्र होणारे मन, कष्टाची ताकद आणि निकालाची वाट पाहण्याचा सब्र देवो. आमीन.