हिरवी पाटी आणि रिकामी आसने

आपल्या वैजापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर हिरव्या क्रमांकपाटीची मोटार दिसली, तर ती विजेवर चालणारी, हे तुम्ही ओळखालच. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने अशा मोटारींना या रस्त्यावर टोलमाफी देऊ केली. पाटी हाच परवाना!

कॅलिफोर्नियात याहून गमतीचा परवाना होता. तेथील काही रस्त्यांवर एक मार्गिका दोन वा अधिक माणसे बसलेल्या मोटारींसाठी राखीव असते. कमी धुराच्या मोटारीवर सरकारी चिकटपट्टी असली, की एकट्या चालकालाही तेथून जाता येई. 30 सप्टेंबर 2025 रोजी ही सवलत संपली.

ती रास्त होती काय? हिशेब करू. लिटरला 15 किलोमीटर धावणारी मोटार 100 किलोमीटरला सुमारे 6.7 लिटर पेट्रोल जाळते. लिटरमागे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण 15 किलो. (लिटरभर पेट्रोल भरते पाऊण किलो; मग वायू तिप्पट कसा? त्यातला प्राणवायू हवेतून येतो.) विजेची मोटार तेवढ्याच अंतराला साधारण 15 युनिटे घेते. तिला धुराडे नाही. पण आपली बरीच वीज कोळशाची, युनिटमागे सुमारे 0.7 किलो वायू वीजकेंद्रात सुटतो. झाले साडेदहा किलो.

आता पेट्रोलच्या मोटारीत चौघे बसवा. वजनाने पेट्रोल थोडे वाढेल, तरी माणशी चारएक किलोच! विजेच्या मोटारीत चौघे बसले तर? भागाकार तुम्हीच करा. शिवाय रस्त्यावरची जागा दोन्ही मोटारी सारखीच अडवतात. मला तर हाच मुद्दा मोठा वाटतो. आत किती जण आहेत, ते हिरव्या पाटीला कळत नाही.